गाडी गेटवर उभी असताना

शनिवारची संध्याकाळ, सव्वासहा. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. साडेतीन टन कास्टिंग भरून आयशर गेटवर उभी आहे. वजनकाट्याची पावती निघाली, ताडपत्री बांधून झाली. ड्रायव्हर ऑफिसच्या खिडकीतून डोकावतो. "मॅडम, बिल देताय न्हवं? कागलचं गेट सातला बंद हुतंय."

मॅडम तिसऱ्यांदा बटण दाबतात. तिसऱ्यांदा पडद्यावर तीच लाल ओळ येते: पिन कोड आणि राज्य जुळत नाही.

बिल बेळगावच्या कंपनीच्या नावाचं आहे. माल मात्र उतरायचा आहे कागलच्या एका मशीन शॉपमध्ये, कारण बेळगाववाल्यांनी मशीनिंगचं काम तिथं दिलं आहे. घाईत मॅडमनी पार्टीच्या पत्त्यातच कागलचा पत्ता टाकला. आता पार्टीचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटकचा, आणि पिन कोड ४१६ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्रातला. समोर माणूस असता तर "अहो, माल फक्त तिकडं उतरायचाय" म्हणून समजूत घालता आली असती. समोर पोर्टल आहे.

वाढत्या धंद्यासाठी ई-इन्व्हॉइसिंगची सेवा निवडायची असेल तर ही संध्याकाळ आधी डोळ्यांपुढे आणावी. सेवा विकायला येणारा माणूस लॅपटॉप उघडून जे दाखवतो, त्यात ती कधीच नसते. त्याच्या डेमोत पार्टी एका गावची असते, माल त्याच गावाला जातो, नेट जोरात असतं आणि बिल पहिल्या फटक्यात निघतं. असं बिल कुठल्याही सेवेत निघतं. आपण वर्षाचे पैसे मोजतो ते मात्र अडलेल्या दिवसासाठी. तेव्हा पारखायचं तेही त्याच दिवशी सेवा कशी वागते हे.

चौसष्ट अक्षरांची गोष्ट

बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली की ई-इन्व्हॉइस झालं, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात बिल आपणच बनवतो, आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये, आपल्याच नंबराने. त्यातली माहिती आयएनव्ही-०१ नावाच्या ठरावीक साच्यात बसवून, जेसन प्रकारच्या फाइलच्या रूपात सरकारमान्य नोंदणी पोर्टलकडे, म्हणजे आयआरपीकडे जाते. पोर्टल ती तपासतं, त्यावर स्वतःची डिजिटल सही करतं आणि दोन गोष्टी परत देतं: ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, आणि एक क्यूआर कोड. हा क्यूआर बिलावर छापला की बिल पक्कं. आपल्या सहीची त्याला गरज नसते.

पोर्टल ते बिल गिऱ्हाइकाला पोचवत नाही, हेही ध्यानात ठेवावं. इटलीत १ जानेवारी २०१९ पासून धंद्या-धंद्यातली बिलं सरकारी यंत्रणेतूनच खरेदीदाराकडे जातात. आपल्याकडे नोंदणी सरकारकडे, पण पाठवणी आपल्याच गळ्यात.

तो आयआरएन कसा तयार होतो हे समजून घेतलं तर पुढचे निम्मे घोटाळे आपोआप उलगडतात. चार गोष्टी घेतात: विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार (बिल, क्रेडिट नोट की डेबिट नोट) आणि बिल नंबर. गणिती प्रक्रियेने या चौघांचा मिळून ६४ अक्षरांचा एक ठसठशीत बोटाचा ठसा तयार होतो. त्यात बिलाची रक्कम नाही, मालाचं नाव नाही, पार्टीचं नावही नाही. म्हणून एकदा बिल नोंदलं आणि मग लक्षात आलं की भाव चुकला, तर रक्कम सुधारून त्याच नंबराचं बिल पुन्हा पाठवता येत नाही. पोर्टलच्या लेखी ते तेच बिल असतं. रद्द केलेला नंबरही पुन्हा वापरता येत नाही. शिवाय १ जून २०२५ पासून बिल नंबरातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद पोर्टल मानत नाही, त्यामुळे ती पळवाटही राहिली नाही.

क्यूआरमध्ये मात्र माणसाच्या उपयोगाची माहिती असते: दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, बिलात किती ओळी आहेत, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन. रस्त्यात गाडी अडवणारा अधिकारी नेट नसतानाही तो स्कॅन करून बिल खरं की बनावट हे पाहू शकतो. पैसे भरायचा यूपीआयचा क्यूआर वेगळा आणि हा वेगळा. दोन्ही एकाच बिलावर शेजारी छापणाऱ्यांनी खाली नावं तरी लिहावीत.

आपण यात आहोत का?

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. ई-इन्व्हॉइस त्यानंतर पायरीपायरीने खाली उतरलं. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला, १ जानेवारी २०२१ ला १०० कोटींच्या वर, त्याच वर्षी १ एप्रिलला ५० कोटींच्या वर. मग २०२२ मध्ये एप्रिलला २० कोटी आणि ऑक्टोबरला १० कोटी. १ ऑगस्ट २०२३ पासून ही रेषा ५ कोटींवर आली आहे. पहिली पायरी होती तेव्हा हा विषय मोठ्या कंपन्यांच्या आयटी खात्याचा होता. तीन वर्षांत तो एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पोचला.

५ कोटी मोजताना दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिली चूक जागेची. उलाढाल पॅन नंबरावर मोजतात, एका जीएसटी नंबरावर नाही. कोल्हापुरात कारखाना आणि गोव्यात डेपो असेल तर दोन्हींची बेरीज धरायची, निर्यात आणि करमुक्त विक्रीही त्यात येते. दुसरी चूक वर्षाची. २०१७-१८ पासून कुठल्याही एका मागच्या वर्षी रेषा ओलांडली असेल तर नियम लागू. पुढे धंदा बसला, उलाढाल तीन कोटींवर आली, तरी सुटका नाही. म्हणून चार-साडेचार कोटींच्या घरात पोचलेल्याने मार्च उजाडायची वाट पाहू नये. रेषा ओलांडली की पुढच्या १ एप्रिलचं पहिलं बिलच क्यूआरसह निघायला हवं.

हे सगळं नोंदणीकृत धंद्यांना केलेल्या विक्रीसाठी, निर्यातीसाठी आणि सेझला पुरवलेल्या मालासाठी. त्यांच्या क्रेडिट-डेबिट नोटाही यात आल्या. समोरच्याकडे जीएसटी नंबर असेल तर पाचशे रुपयांच्या बिलालाही सूट नाही. किरकोळ गिऱ्हाइकाला विकलेल्या मालाला हे लागू नाही. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूकदार अशा काही वर्गांना नियमातूनच वगळलं आहे.

आणि हे टाळलं तर? नियम ४८(५) सांगतो की ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्याने तसं न काढलेलं बिल हे बिलच धरलं जाणार नाही. दंडाची तरतूद आहेच: दहा हजार रुपये किंवा कराची रक्कम, यांत जे जास्त ते. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या उद्योजकाला दंडाच्या आधी दुसरी कळ लागते. बिल बिलच नसेल तर खरेदीदाराला कराचं क्रेडिट घेता येत नाही, आणि क्रेडिट अडलं की मोठी कंपनी पेमेंट अडवते.

चार वाटा

सेवा निवडायची म्हणजे काय निवडायचं? पोर्टलपर्यंत पोचायच्या चार वाटा आहेत.

पहिली फुकटची. एनआयसीच्या सरकारी पोर्टलवर जाऊन, त्यांचंच मोफत साधन वापरून बिलं चढवायची. महिन्याला वीस-पंचवीस बिलं असतील आणि पार्ट्या ठरलेल्या असतील तर यात कमीपणा काही नाही. अडचण दुबार टंकनाची. बिल एकदा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा इथं. आज ना उद्या दोन्हींत एका आकड्याचा फरक पडतो आणि तो रिटर्न भरताना सापडतो.

दुसरी वाट म्हणजे ज्यात हिशेब लिहिता त्याच सॉफ्टवेअरमधून थेट नोंदणी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टॅली असतं, कुठं बिझी, कुठं झोहो. व्हाउचर सेव्ह केलं की आयआरएन येतो आणि त्याच व्हाउचरला चिकटतो. पाच ते वीस-पंचवीस कोटींच्या बहुतेक उद्योगांना ही वाट पुरते. तुमचा सीए आणि तुमचा अकाउंटंट दोघांना ती येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

तिसरी वाट स्वतंत्र ऑनलाइन सेवेची. बिलं एका ठिकाणी बनतात, हिशेब दुसरीकडे, डेपो तिसरीकडे, अशा वेळी ही सेवा मधे बसून सगळीकडची बिलं गोळा करते, तपासते आणि पोर्टलकडे पाठवते. चौथी वाट ईआरपी थेट जोडण्याची. रोज शेकडो बिलं निघत असतील आणि जोडणी सांभाळायला घरचा माणूस असेल तरच तिच्या वाटेला जावं.

वाट कुठलीही असो, टोकाला आयआरपी असतो. एनआयसीची दोन पोर्टलं आहेत, आणि २०२३ पासून सिग्नेट, क्लिअर, ईवाय आणि नवी मुंबईची आयरिस या चार खाजगी कंपन्यांनाही ते काम दिलेलं आहे. कुठल्याही आयआरपीने दिलेला आयआरएन कायद्याने सारखाच. तेव्हा "आमचाच आयआरएन जास्त चालतो" असं कोणी सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

वाईट दिवसांची रंगीत तालीम

आता मुख्य काम. सेवा देणाऱ्याला सांगायचं की तुमचं नमुना बिल नको, आमची गेल्या वर्षातली दहा अवघड बिलं घ्या आणि चाचणीच्या खात्यावर काढून दाखवा. त्या दहांत पुढचे प्रसंग हमखास असू द्यावेत.

पहिला प्रसंग कागलचा. बिल एकाचं, माल उतरणार दुसऱ्याकडे, तोही वेगळ्या राज्यात. इथं 'बिल टू' आणि 'शिप टू' असे दोन पत्ते स्वतंत्र लागतात. माल महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच जातोय, पण सांगणारी पार्टी कर्नाटकची असल्यामुळे पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक धरतात आणि आयजीएसटी लागतो. चांगली सेवा पोर्टलकडे जायच्या आधीच जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे आणि पिन कोड पडताळते आणि सांगते, "पार्टीचा पत्ता कर्नाटकचा हवा. माल दुसरीकडे जात असेल तर तो पत्ता शिप टू मध्ये टाका." वाईट सेवा पोर्टलची इंग्रजी ओळ कोडसकट तशीच पुढे ढकलते. सव्वासहा वाजता त्या ओळीचा काहीही उपयोग नसतो.

दुसरा प्रसंग पैशांचा. वजन ३,४८७.५ किलो, भाव ९६ रुपये ४० पैसे, त्यावर सूट, त्यावर कर. ओळीओळीची बेरीज आणि खालची रक्कम यांत एखाद्या रुपयाचा फरक पोर्टल चालवून घेतं, त्यापुढे बिल परत पाठवतं. गोळाबेरीज तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या टप्प्यावर करतं आणि सेवा कुठल्या टप्प्यावर, हे बघायला हवं. वजनावर माल विकणाऱ्यांना, मग ते कास्टिंग असो, सांगलीची हळद असो की सूत, ही चाचणी सोडता येणार नाही.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बटण दाबलं आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. बिल पोर्टलला पोचलं, नोंदलंही गेलं, पण उत्तर परत आलं नाही. नेट आल्यावर आपण पुन्हा बटण दाबतो आणि पोर्टल २१५० हा कोड देतं: हा आयआरएन आधीच दिलेला आहे. समजूतदार सेवा हा कोड बघताच पोर्टलकडून आधीच दिलेला आयआरएन मागवून घेते आणि बिलावर छापते. अर्ध्या मिनिटाचं काम. नुसतं 'एरर' दाखवणारी सेवा असेल तर घाबरलेला माणूस नंबर बदलून दुसरं बिल काढतो. मग एकाच मालाची दोन पक्की बिलं सरकारदरबारी नोंदलेली, दोन्हींवर कर, आणि हे कळतं महिन्याच्या शेवटी, पार्टीचा फोन आल्यावर. डेमो देणाऱ्याला म्हणावं, बटण दाबताच वायर काढतो, मग काय होतं ते दाखवा.

चौथा प्रसंग रद्द करण्याचा. नोंदलेलं बिल २४ तासांच्या आत पोर्टलवर रद्द करता येतं. अर्धं रद्द करता येत नाही, केलं तर पूर्ण. त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रस्त्यात ते तपासलं गेलं असेल तर तेही होत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढायची, तिचाही आयआरएन घ्यायचा. इथं बघायचं ते एवढंच: पोर्टलवर रद्द झालेलं बिल आपल्या वहीत आपोआप रद्द होतं का? आणि वहीत कोणी बिल पुसलं तर सेवा ओरडते का? दोन ठिकाणची खाती वेगळी बोलू लागली की महिन्याचं रिटर्न जुळवताना अकाउंटंटची रात्र जाते, कारण नोंदलेलं ई-इन्व्हॉइस आपोआप जीएसटीआर-१ मध्ये जाऊन बसलेलं असतं.

पाचवा, उशिराचा. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. एकतिसाव्या दिवशी पोर्टल दार उघडत नाही. हा नियम क्रेडिट नोटांनाही आहे. एखादं बिल 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडलं तर दहाव्या, विसाव्या दिवशी मालकाच्या मोबाइलवर सूचना येते का, हे विचारून घ्यावं. आज सात कोटींवर असलेल्यानेही विचारावं. धंदा वाढवायचाच आहे ना?

सहावा, दर बदलल्याचा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघाले आणि बहुतेक माल ५ आणि १८ टक्क्यांत आला. २१ तारखेच्या रात्री कुणाच्या मालाचे दर एका झटक्यात, तारखेनुसार बदलता आले आणि कोण एकेक आयटम उघडून बसलं होतं, हे जुन्या ग्राहकांना विचारा. सेवेची खरी शिफारस त्यांच्या उत्तरात मिळेल.

किल्ली कोणाच्या खिशात?

वाईट दिवसांतला एक दिवस पोर्टलमुळे येत नाही, माणसामुळे येतो. अकाउंटंट नोकरी सोडतो.

अशी एक हकिगत मी जवळून पाहिली आहे. कारखाना चांगला चाललेला. पोर्टलची नोंदणी करताना मालक साइटवर होते, म्हणून अकाउंटंटने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. त्यात वाईट हेतू काही नव्हता. दोन वर्षांनी त्याने नोकरी बदलली, नंबरही बदलला. पुढच्या सोमवारी लॉगिन करायला गेले तर ओटीपी त्या बंद नंबरावर. तीन दिवस गाड्या थांबल्या. त्या तीन दिवसांत मालकांना कळलं की साडेसहा कोटींच्या कारखान्याची किल्ली आपल्या खिशात कधी नव्हतीच.

एनआयसीच्या ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच पासवर्डच्या जोडीला ओटीपी लागतो. म्हणून मुख्य खातं मालकाच्या नंबरावर असावं आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र उपखातं. बिल काढण्याचा अधिकार एकाला, रद्द करण्याचा दुसऱ्याला. सेवेत अशी वाटणी करता येते का, कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते का, हे बघावं. धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ही नोंद ऐच्छिक राहिलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय असावीच लागते.

दुसरी किल्ली माहितीची. तुमची प्रत्येक पार्टी, प्रत्येक भाव, कोणाला किती सूट, महिन्याला किती माल हलतो हे सगळं या सेवेच्या हातात जातं. पूर्वी ही माहिती चोपडीत असायची आणि चोपडी कपाटात. करारात दोन वाक्यं नीट वाचावीत: ही माहिती सेवा आणखी कोणाला देते, आणि तिच्या आधारे आपल्याला कर्जाच्या जाहिराती पाठवते का.

तिसरी, निरोपाची. कायद्याने हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. सेवा मात्र तुम्ही दोन वर्षांत बदलाल. तेव्हा जुनी बिलं, पोर्टलच्या सहीची जेसन फाइल आणि क्यूआर यांसकट, एका दमात उतरवून घेता येतात का? की पीडीएफ एकेक करून? रिन्यूअल चुकलं तर जुनी बिलं दिसायची बंद होतात का? हे प्रश्न लग्नाआधी घटस्फोटाचे वाटतील, पण विचारावेत पहिल्याच बैठकीत. सही झाल्यावर त्यांची उत्तरं महाग होतात.

दर विचारताना

आता पैसे. काही सेवा वर्षाचे ठोक घेतात, काही बिलामागे. बिलामागचा दर ऐकायला नेहमी किरकोळ वाटतो, म्हणून कागद-पेन घेऊन बसावं. समजा रोज ४० बिलं आणि महिन्याला २५ दिवस. महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार. पण बऱ्याच ठिकाणी मोजणी पोर्टलला मारलेल्या हाकेवर असते. आयआरएन ही एक हाक, त्याच बिलाचं ई-वे बिल ही दुसरी, रद्द करणं ही तिसरी. बारा हजारांचे चोवीस हजार तिथंच होतात. फसलेला प्रयत्नही मोजता का, हे तर ठासून विचारावं, कारण पिन कोड चुकून तीनदा बटण दाबलं तर पैसे तीनदा जायला नकोत.

वाढीचा खर्चही आधीच काढून ठेवावा. उद्या गोव्यात डेपो काढला तर ३० ने सुरू होणारा नवा जीएसटी नंबर येईल, बिलांची नवी मालिका येईल. त्याचे वेगळे पैसे का? तिसरा माणूस बिलं काढू लागला तर? आणि मदतीचा फोन शनिवारी सव्वासहाला कोण उचलतं, मराठीत किंवा निदान हिंदीत बोलतं का? 'चोवीस तास सेवा' हे शब्द माहितीपत्रकात सगळ्यांच्या असतात. सही करण्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी एकदा फोन लावून बघावा.

बदल करायचा तर १ एप्रिलसारखा दिवस नाही. बिलांची मालिका तेव्हा नव्याने सुरू होते आणि जुन्या-नव्या नंबरांची सरमिसळ होत नाही. आधीचा मार्च महिना घरची साफसफाई करण्यात घालवावा: पार्ट्यांचे जीएसटी नंबर चालू आहेत का, पिन कोड बरोबर आहेत का, एचएसएन सहा आकडी आहे का. ५ कोटींच्या वर सहा आकडी लागतोच. ओतीव लोखंडी मालाचा नुसता ७३२५ लिहून भागत नाही. बिल नंबर १६ अक्षरांत बसतो का तेही बघावं. 'कोल्हापूर/डिस्पॅच/२०२५-२६/०००१' असे लांबलचक नंबर काढण्याची हौस असेल तर ती सोडावी लागेल. घरातली यादी स्वच्छ नसेल तर जगातली महागातली महाग सेवाही तीच घाण वेगाने पोर्टलला पोचवते.

सहा वाजून एकतीस मिनिटं

शिरोलीच्या त्या ऑफिसात शेवटी काय झालं? मॅडमनी सीएंच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या मुलाने विचारलं, "माल कुठं उतरायचाय?" कागल म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "पार्टीचा पत्ता बेळगावचाच ठेवा. कागल शिप टू मध्ये." दोन मिनिटांत आयआरएन आला, पाठोपाठ ई-वे बिल. ज्या सल्ल्यासाठी फोन करावा लागला तो पडद्यावरच दिसायला हवा होता, एवढीच त्या सेवेची परीक्षा होती आणि तिथं ती नापास झाली.

पूर्वी मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या. मूळ खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याला. ई-इन्व्हॉइसला तो तीन प्रतींचा नियम लागू नाही, आणि रस्त्यात अधिकाऱ्याला मोबाइलवरचा क्यूआर दाखवला तरी कायद्याने पुरतं. मॅडमनी ड्रायव्हरच्या मोबाइलवर बिल पाठवलं आणि तसं सांगितलंही. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं, मोबाइल खिशात टाकला आणि खिडकीतून हात पुढे केला.

"कागद द्या की मॅडम. आणि शिक्का मारा त्यावर."

मालक आतून उठून आले. प्रिंट काढली, क्यूआरवर शाई येणार नाही अशा बेताने कोपऱ्यात शिक्का मारला. सहा वाजून एकतीस मिनिटांनी आयशर गेटबाहेर पडली.